गोकर्णाआत्याचा इलाज

गोकर्णाआत्याला कुणाचंही काम नुसतं पाहता येत नसे. शिंपी काजं करत असला, न्हावी चामड्यावर वस्तरा घासत असला, वायरमन खांबावर चढून फ्यूज बसवत असला, की आत्या जागच्या जागी थांबायची आणि पदराआड तिची बोटं हलू लागायची. डोकं डोळ्यांवर विसंबून राहत नसे, बोटांकडून खात्री करून घेत असे. घरी आली की म्हणायची, "दोनदा पाह्यलं का आपलं झालं." आणि ते खरं असायचं, हीच पुढे आमच्या घराची पंचाईत झाली.

आमचं गाव जानेफळ. बाबा मेहकरच्या एसटी आगारात मेकॅनिक, आई शेतात. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत माहेरी परत आली ती कायमचीच. कारण कुणी सांगत नसे. मी एकदा थेट तिलाच विचारलं, तर म्हणाली, "त्याले बैल पाह्यजे होता, अन् घरात बाई आली. मंग कसं जमन?" एवढ्यावर तिनं तो विषय मिटवला आणि शेंगा फोडायला घेतल्या.

गावात तिच्यावाचून कुणाचं चालत नव्हतं म्हटलं तरी चालेल. जनावरांच्या डॉक्टरांना तिनं दोनदा आडवं वासरू काढताना पाहिलं होतं. तिसऱ्यांदा डॉक्टर यायला उशीर झाला, तेव्हा कोपरापर्यंत तेल लावून आत्यानंच हात घातला आणि गाय-वासरू दोन्ही वाचवली. मिक्सर, शिलाई मशीन, गॅसची शेगडी ती खोलायची आणि परत जोडायची. नर्सबाईंचं पाहून ती म्हाताऱ्या लोकांना इंजेक्शन द्यायला शिकली. नर्सबाई आधी ओरडल्या, मग त्यांनाच सोयीचं वाटू लागलं. फक्त बाबांचे केस कापायला बसली तेव्हा हात जरा चुकला. बाबा महिनाभर आगारात टोपी घालून गेले. "न्हाव्याले मी एकदाच पाह्यलं होतं," आत्या म्हणाली. कारण तिला पटण्यासारखं होतं, बाबांना नव्हतं.

ही बाई चौथी शिकलेली. तिच्या पाठीवर बाबा झाले, त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून आजोबांनी तिचं शाळेतून नाव काढलं. शिकली असती तर ती काय झाली असती, हे गावात जो तो बोलून दाखवायचा, आणि बोलून झालं की तिच्याकडून फुकटात आपलं काम करून घ्यायचा. मी आजोबांना पाहिलेलं नाही. मेलेल्या माणसावर राग धरून काय मिळतं, असं आई म्हणते. मला मिळतं.

माझी ताई, वैशाली, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत, आणि दाढा आवळल्या की खालचे दात टाळूला टोचत. टाळूला सारखे फोड यायचे. ताई तेरा वर्षांची झाली तेव्हा आत्यानं बाबांना सांगितलं, "पोरीचं तोंड मिटत नाही अन् तू एसटीचे दरवाजे मिटवत फिरतं." बाबांनी आगारात चौकशी केली. बुलढाण्याला एका दवाखान्यात वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, असं कळलं. मग पुढची दोन वर्षं, दर महिन्याला, आत्या ताईला घेऊन जानेफळहून मेहकर, मेहकरहून चिखली आणि चिखलीहून बुलढाणा असा प्रवास करत राहिली. बऱ्याचदा मीही शेपटासारखी मागे असायची.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ताईच्या दातांचा पांढरा साचा काढून आत्याच्या हातात ठेवला आणि एकेक मार्ग समजावून सांगितला. काढता-घालता येणारी प्लेट असते, पण तिनं दात थोडेफार कलतात, एवढं काम तिच्यानं होणार नाही. दुसरा मार्ग पक्क्या तारांचा. वरच्या दोन छोट्या दाढा काढून जागा करायची आणि पुढचे दात तारेनं मागे घ्यायचे. दीड-दोन वर्षं लागतील. जबड्याच्या हाडातच दोष असता, तर वाढ पुरी होईपर्यंत थांबून शस्त्रक्रिया करावी लागली असती, पण हिला ती गरज नाही. आणि काही मुलांच्या बाबतीत, डॉक्टर म्हणाले, सगळ्यात चांगला इलाज म्हणजे काही न करता लक्ष ठेवणं. आत्यानं साचा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "दाढ काढली तर त्या जाग्यावर हाड बसून नाही का जाणार?" डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. आमच्या घरातल्या माणसाचा प्रश्न ऐकायला कुणी मोठ्या माणसानं खुर्ची ओढलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

गावात परतल्यावर आत्यानं हे सगळं तिच्या भाषेत सांगितलं. "चार पोराईच्या बाकावर सहा बसवले का एखादा तिरपा बसनच. मंग दोघाईले उठवा लागते, अन् बाकीच्याईले हळूहळू सरकवा लागते. जोरात ढकललं तर बाकच उलटते." लोकांना ते पटलं. मलाही पटलं. ती जोराबद्दल जे बोलली, ते तिचं तिनंच पुढे ऐकलं नाही.

त्या दोन वर्षांत आत्या डॉक्टरांच्या उजव्या खांद्याशी उभी राहून सगळं पाहत होती. तार कशी वळवतात, कुठल्या पकडीनं कापतात. शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांनी एक पाकीट दिलं. त्यात मुगाच्या दाण्याएवढी गोल रबरं होती. वरच्या सुळ्याजवळच्या आकड्यातून खालच्या दाढेच्या आकड्यात ती अडकवायची आणि रोज बदलायची. ताईला आरशात पाहून जमेना. आत्यानं नखानं एका झटक्यात अडकवून दाखवलं. डॉक्टर हसून म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही तर अर्ध्या डॉक्टर झालात."

बिचारे कौतुकानं बोलून गेले. आत्या मात्र ते वाक्य घरी घेऊन आली. आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, विहारात बायकांना सांगितलं. लुगडं-बांगडी मिळाली असती तरी ती एवढी खूश झाली नसती.

त्याच भेटीत तिनं मला पुढे केलं. मी दहा वर्षांची होते. माझ्या वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट होती, चांगली ज्वारीचा दाणा मावेल एवढी. शाळेत मला 'खिडकी' म्हणत. डॉक्टरांनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "हिला काही करायचं नाही. या वयात अशी फट असतेच. दोन वर्षांत वरचे सुळे येतील, तेव्हा फट बहुतेक आपोआप मिटेल. नाही मिटली तर मग पाहू."

 परतीच्या बसमध्ये, चिखली गेल्यावर आत्या म्हणाली, "नुसती वाट पाहणं, हा काय इलाज हाये? वाट तर माह्या बापानंबी पाहाले लावली, भाऊ मोठा झाला का शाळेत घालतो म्हणे."

ताईच्या तारा निघाल्या. दात सरळ झाले, ओठ मिटले, सगळं गाव तिला पाहायला आलं. रबराचं पाकीट अर्धं उरलं होतं. आत्या काहीच टाकून देत नसे. कामाची वस्तू वाया घालवणं तिच्या लेखी चोरीपेक्षा वाईट होतं.

एका दुपारी तिनं मला ओट्यावर उजेडात बसवलं. माझ्या दोन दातांभोवती मिळून तिनं एक रबर चढवलं. दुखलं नाही. थोडं आवळल्यासारखं वाटलं. "पाह्य," ती म्हणाली, "तिकडं एवढे लोखंडाचे तार लावले. इथं दोनच पोरं जवळ आणाचे हायेत. त्याले कायले पाह्यजे डॉक्टर?" मी कशाला नको म्हणेन? मला खिडकी बंद व्हायला हवी होती. आणि आत्यानं धरलेलं काम बिघडल्याचं मी बाबांच्या केसांपलीकडे पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी रबर दिसेना. "गिळलं असशीन झोपीत," आत्या म्हणाली आणि दुसरं चढवलं. तिसऱ्या आठवड्यात फट मिटली. खरंच मिटली. दोन दात एकमेकांना टेकले. आत्यानं मला घरोघर नेलं. "हास," ती म्हणायची, आणि मी हसायची. बायका तोंडावर हात ठेवून म्हणायच्या, बाई बाई, दोन वर्षांचं काम वीस दिवसांत केलं. त्या दिवसांत मी जेवढी हसले, तेवढी नंतर कधी हसले नाही.

दुसरं रबरही नाहीसं झालं. तेही गिळलं असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं.

ती रबरं मी गिळली नव्हती. दात मुळाकडे निमुळता असतो. गोल रबर त्याच्यावर थांबत नाही, ते घसरत वर हिरडीत शिरतं आणि हाड खात मुळाच्या टोकाकडे सरकत राहतं. हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. तारेला आकडे असतात ते रबर जागेवर राहावं म्हणून, हे आत्याच्या लक्षात आलं नाही. दोनदा काय, चोवीस वेळा पाहूनही आलं नाही.

तीन-चार महिन्यांनी हिरडी लाल झाली, सुजली. दोन्ही दात इतरांपेक्षा लांब दिसू लागले आणि मिटलेली फट खालून पुन्हा उघडू लागली. मग ते हलायला लागले. भाकरीचा तुकडा तोडताना कळ यायची. आत्यानं हळद लावली, लवंगतेल लावलं, तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या. ती घाबरलेली होती हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की ती माझ्याशी फार गोड बोलत होती. शेवटी ती मला बुलढाण्याला घेऊन गेली.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. रबर एक्स-रेमध्ये दिसत नाही. दिसलं ते हाड, दोन्ही दातांभोवतीचं, पोखरलेलं. ते बराच वेळ फिल्म उजेडाला धरून पाहत राहिले. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं हाड असं का जावं, हे त्यांना समजेना. मग त्यांनी आत्याकडे वळून विचारलं. प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. "आत्याबाई, हिच्या दातांना कधी काही बांधलं होतं का? दोरा, रबर, काहीही?"

आत्यानं माझं मनगट धरलेलं होतं. तिचा अंगठा माझ्या नाडीवर रुतला.

"नाही बाप्पा," ती म्हणाली. "म्या कायले काही बांधू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, बाळ."

"नाही," मी म्हणाले.

त्या 'नाही'ला मी माझा म्हणायचं की तिचा, हे मी अजून ठरवलेलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीचा दोष धरू नये, असं लोक म्हणतील. धरू नयेच. पण मला सगळं ठाऊक होतं, प्रश्न समजला होता, आणि उत्तर मी तिच्या अंगठ्याकडे पाहून दिलं.

डॉक्टरांना हा हाडाचा एखादा विरळा आजार वाटला. त्यांनी रक्ताच्या तपासण्या करवल्या, हिरडी साफ केली, औषधं दिली, हलणारे दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधले. खोट्या उत्तरावर जितका खरा इलाज होऊ शकतो तितका त्यांनी केला. तीन महिन्यांनी दोन्ही दात जिभेनं ढकलले तरी हलत होते. ते काढायचे ठरले त्या दिवशी आत्याला ताप आला. बाबा रजा काढून माझ्यासोबत आले.

पहिला दात निघाला तेव्हा चिमट्यात दाताबरोबर दोन रबरं आली. पिवळी पडलेली, पण अख्खी. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये ठेवली आणि बाबांना जवळ बोलावलं. ते ओरडले नाहीत. "हे घरात कुणी केलं?" एवढंच विचारलं. बाबांनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. मग दुसरा दात काढला गेला.

 ज्या बहिणीनं आपल्यापायी शाळा सोडली, तिला बाबा काय बोलणार? जानेफळला उतरल्यावर पारावरच्या माणसांनी विचारलं, पोरीला काय झालं? बाबा म्हणाले, "सायकलवरून पडली."

झालं. आमच्या घरानं ती सायकल उचलून धरली. सायकल घरात एकच होती, बाबांची बावीस इंची, तिच्या पॅडलला माझे पाय पोचत नव्हते. कुणी विचारलं नाही. आत्यानं तर गोष्टीत भर घातली. कुठल्या उतारावर, कुठल्या दगडाला अडकून, मी कशी तोंडावर आपटले, हे ती इतकं रंगवून सांगायची की एकदा ऐकता ऐकता मला तो दगड दिसला. मी शाळेत सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, कॉलेजात सांगितलं. इतक्या वेळा पडले मी त्या सायकलवरून.

खिडकीचा दरवाजा झाला. पक्के दात बसवायला जबड्याची वाढ पुरी व्हावी लागते. तोवर काढता-घालता येणारी दोन दातांची प्लेट. वर्गात वाचायला उभी राहिले की प्लेट सटकायची. 'स'च्या जागी शीळ वाजायची. मी वाचणं सोडलं, मग बोलणं कमी केलं, मग फोटोत मागच्या रांगेत उभी राहायला लागले.

आणि आत्या? ती मला पेरूच्या फोडी करून द्यायची. कणसाचे दाणे सोलून वाटीत द्यायची. ऊस सोलून, बारीक गंडेऱ्या करून, सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे ठेवायची. कुणी काही बोलत नसे आणि ती वाटी समोर यायची. मला तिची चीड यायची. मला वाटी नको होती. मला तिनं एकदा, एकदाच, समोर बसून 'मी चुकली' म्हणायला हवं होतं. ते सोडून तिनं सगळं केलं.

इतर कामं तिची चालूच होती. मिक्सर, इंजेक्शन, वासरं. फक्त कुणाच्या तोंडात ती हात घालत नसे.

मी एकोणीस वर्षांची असताना सुट्टीत घरी होते. शेजारच्या सुनंदाकाकू त्यांच्या नऊ वर्षांच्या पोरीला, पूजाला घेऊन आल्या. पोरीच्या पुढच्या दातांत फट होती. काकूंना माझ्या दातांवरची जुनी करामत आठवत होती. माझे दात पुढे सायकलवरून पडून गेले, त्यात आत्याचा काय दोष?

"गोकर्णाबाई, हिचं करून द्या बरं तेवढं," काकू म्हणाल्या. "तुमच्या या भाचीचं तुम्ही वीस दिवसात केलं होतं."

आत्या गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थे रबर सरले आता."

"मंग साधं रबर नाही चालत का? पाकिटाले असते थे? मीच लावून देतो."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तरी सांगेल. नऊ वर्षांची पोर समोर उभी आहे, आता सांगावंच लागेल. आत्यानं सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

"साधं नाही चालत," ती म्हणाली. "थे येगळं असते. बुलढाण्यालेच भेटते."

"मंग आमचे हे शुक्रवारी जाऊन राह्यले बुलढाण्याले. आणाले लावतो."

आत्या गहू निवडत राहिली.

मी पुढे गेले आणि तोंडातली प्लेट काढून काकूंच्या हातावर ठेवली. लाळेनं ओली, दोन दातांची. काकू दचकल्या. "हे सायकलवरून पडून नाही गेले, काकू," मी म्हणाले. दात नसल्यानं सगळी वाक्यं शीळ घालत बाहेर पडत होती, पण मी थांबले नाही. "आत्यानं रबर लावलं. थे वर घुसलं. हाड खाल्लं. डॉक्टरनं इचारलं तं आम्ही दोघी खोटं बोललो. पूजाच्या तोंडाले हात लावू नोका. वाट पाहा. सुळे आले का आपोआप मिटते."

काकूंनी प्लेट ओट्यावर ठेवली, हात पदराला पुसला आणि पोरीला दंडाला धरून ओढत नेलं. नेताना आत्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तिनं दोन दातांऐवजी पोरगीच मारली होती. याच काकूंच्या सासूला आत्यानं वर्षभर रोज सकाळी इंजेक्शन दिलं होतं.

आत्यानं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "एकटीत म्हणाचं होतं मले. मी सांगतलं असतं."

"आठ वर्षं होते ना तुह्यापाशी," मी म्हणाले.

पूजाचे दात वाचले. तिची फट आपोआप मिटली, डॉक्टर म्हणाले होते तशीच. मी बोलले त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण पुढचं मी योजलं नव्हतं, हेही खरं. दोन दिवसांत गावभर झालं. इंजेक्शनला लोक मेहकरला जाऊ लागले. मिक्सरसुद्धा कुणी आणेना. मिक्सरला काय दात होते? तीस वर्षं जिच्याकडून फुकट राबवून घेतलं, तिच्याबद्दल लोक आता म्हणत, शिकलेली ना सवरलेली, हिच्या हातात जीव द्यायचा म्हणजे काय. हे त्यांना तीस वर्षं सुचलं नव्हतं. आत्या ओट्यावर बसून राहायची. एकदा चुलीपाशी ती चांगला चालणारा आमचाच मिक्सर खोलून बसलेली मला दिसली. मी परत फिरले.

त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो असं नाही. "जेवली का?" "हाव." "बस कितीची?" "दोनची." एवढं बोलायचो.

विसाव्या वर्षी मी पक्क्या दातांसाठी बुलढाण्याला गेले. तेच डॉक्टर, केस पिकलेले. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलले होते. आधी ते तारांनी सहा महिने सरळ करावे लागले, मग त्यांच्या आधारानं मधले दोन बसवले. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "डॉक्टर, पहिल्याच भेटीत तुम्हाला कळलं असतं तर?" त्यांनी उत्तर टाळलं नाही. "रबर लगेच काढलं असतं. दात बांधून ठेवले असते. लहान वयात हाड भरून येतं. वाचले असते असं मला वाटतं." मी हे घरी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

पुढे मी शिक्षिका झाले आणि देऊळगाव राजाला नोकरीला लागले. आता वर्गात मोठ्यानं वाचते. 'स' नीट येतो. गेल्या वर्षी बाबांचा फोन आला. आत्याच्या पोटात गाठ आहे, उशीर झालाय, अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी रविवारी गेले.

आत्या बाजेवर होती. पार वाळली होती. आईनं मला तिच्याजवळ बसवलं आणि चहा ठेवायला गेली. आत्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"लय साजरे बसवले वं," ती म्हणाली. "कसे बसवते?"

मी सांगितलं. शेजारचे दात थोडे घासतात, माप घेतात, चार दात जोडलेला अख्खा पूल एकदम बसवतात. तिनं मधे एक-दोन प्रश्नही विचारले, आणि ते नेमके होते. मला वाटलं, आमचं एवढंच बोलणं व्हायचं होतं ते झालं. मी उठू लागले, तर तिनं माझा हात धरला. धरण्यात काही जोर नव्हता.

"एक सांग. खरं सांगजो. त्या दिशी मी डॉक्टरले सांगतलं असतं, तं वाचले असते का तुहे दात?"

सोळा वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. जगभर सायकलवरून पडल्याचं सांगत आले होते मी, आणखी एक 'नाही' मला जड नव्हतं. बाहेर आई कपबशा धूत होती. आत्या डोळे न मिटता थांबली होती.

"हाव," मी म्हणाले. "वाचले असते."

तिनं मान हलवली. हात सोडला.

"मले वाटे, नसतेच वाचले," ती म्हणाली. "त्याच्याच भरोशावर होती मी इतके वर्षं."

आई चहा घेऊन आली. आत्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मी माझा चहा प्यायले आणि दोनच्या बसनं निघाले. बुधवारी ती गेली.

माती झाल्यावर पाहुणे पांगले. बाबा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी विचारलं, "रविवारी बोलत होत्या ना तुम्ही दोघी? तुह्या आईनं सांगतलं. काय म्हणे आक्का?"

"काही नाही," मी म्हणाले. "दात कसे बसवते, थे इचारत होती."